पुस्तकाची दवंडी कोणी द्यायची?

कादंबरी छापून झाली, आता पुढे काय, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लेखकापेक्षा परभणीच्या लेखकाला जास्त छळतो. पुरवणीचा संपादक ओळखीचा नसतो, प्रकाशक तीनशे किलोमीटरवर असतो आणि गावातल्या पुस्तकांच्या दुकानात आधी गाइडं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं पुढे केली जातात. अशा वेळी लेखकानं स्वतःच आपल्या पुस्तकाचा गाजावाजा करावा, की एका वाचकानं दुसऱ्याला सांगावं याची वाट पाहत बसावं? जिल्ह्यातल्या लिहित्या आणि विकत्या माणसांत हा वाद कायम चालतो. खालच्या संवादातले दोघे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत, अनेकांचं बोलणं त्यांच्या तोंडी घातलं आहे. एक आहेत साठी उलटलेले पुस्तकविक्रेते. साहित्य संमेलन असो की शाळेचं स्नेहसंमेलन, जागा मिळेल तिथे ते टेबल मांडतात. दुसरे जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, ज्यांची पहिली कादंबरी नुकतीच आली आहे. विक्रेत्यांना सगळे मामा म्हणतात आणि मामा सगळ्या शिक्षकांना सर म्हणतात.

मामा : सर, तुमचं स्टेटस मी रोज बघतो. शाळेतलं वृक्षारोपण दिसतं, पोरांची सहल दिसते. कादंबरी आल्याचं मात्र मला कुरिअरवाल्याकडून कळावं?

सर : मुद्दामच टाकलं नाही, मामा. लिहिणं माझं काम, ते मी केलं. आता पुस्तकानं आपलं आपण बोलावं. चांगलं असेल तर वाचणारा चौघांना सांगेल. नसेल तर मी बोंबलून काय होणार?

मामा : पुस्तक बोलतं हो, पण उघडल्यावर. तुमचे गठ्ठे अजून दोरीसकट पलंगाखाली आहेत. तिथून ते कोणाशी बोलणार?

सर : बी. रघुनाथ कुठे गेले होते गाजावाजा करायला? निजामाचं राज्य, दरबारची भाषा उर्दू आणि हा माणूस इथं परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करतोय. आयुष्य अवघं चाळीस वर्षांचं. तेवढ्यात कादंबऱ्या, कथा, कविता सगळं लिहिलं. ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीत काम करता करताच गेले. आज शहरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. गणेश वाचनालयात त्यांच्या आठवणीनं ‘एक पुस्तक एक दिवस’ चालतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला की मोठमोठे लेखक सुखावतात. यातलं त्यांनी स्वतः काय केलं?

मामा : काहीच नाही. म्हणून तर हे सगळं ते गेल्यावर झालं. त्यांच्या एका कादंबरीचं नाव आहे ‘जगाला कळले पाहिजे’. जगाला कळलं, पण कधी? आणि आपोआप कळलं नाही, सर. कोणीतरी पुढाकार घेतला, कोणी सभागृहाला नाव द्यायला लावलं, कोणी दर सप्टेंबरात खुर्च्या मांडल्या. तुम्ही याला वाचकांची पसंती म्हणा. मला ती चोख जाहिरात वाटते, फक्त ती दुसऱ्यांनी केली. आणि एवढं होऊनही नाव सगळ्यांना ठाऊक, पण ‘आडगावचे चौधरी’ मागणारं गिऱ्हाईक माझ्या टेबलाशी सणासुदीला एखादं येतं.

सर : दुसऱ्यांनी केली, इथंच तर सगळं आलं! दुसऱ्यानं केली की ती दाद. स्वतः केली की आपल्याच हातानं आपली पाठ थोपटणं. जी. ए. कुलकर्णी घ्या. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सभा नको, सत्कार नको, डोळ्यांवर काळा चष्मा. ‘काजळमाये’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तर पुरस्कारच परत करून टाकला. त्यांचे वाचक त्यामुळे कमी झाले का?

मामा : जी. ए. घरात बसले, त्यांच्या कथा कुठं बसल्या? त्या ‘सत्यकथे’त येत होत्या, पुस्तकाला ‘पॉप्युलर’सारखा प्रकाशक होता. ‘सत्यकथा’ घरोघरी जात नव्हती, पण पुस्तकांवर बोलणारी माणसं ती वाचत होती. प्राध्यापक वर्गात बोलायचा, ग्रंथपाल काउंटरवर बोलायचा. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. तुम्ही जी. एं.चा अबोला उचललात. त्यांचं मासिक कुठून आणणार?

सर : दिवाळी अंक आहेत की. आसाराम लोमटे बघा, आपल्याच जिल्ह्यातले, व्यवसायानं पत्रकार. लिहितात मोजकं, पण ऐसपैस दीर्घकथा. ‘आलोक’ आलं २०१० ला, अकादमीचा पुरस्कार २०१६ ला. पण पुरस्काराच्या आधीच जाणत्या वाचकांत त्या कथांचं नाव झालं होतं. एकानं वाचायची, दुसऱ्याला द्यायची, अशी.

मामा : त्या कथांना दाद मिळाली ती कथांच्या दमावर, त्यात वाद नाही. पण अकादमीचं नाव पेपरात आलं की दुसऱ्या दिवशी विचारणा सुरू होते, हे कोणत्याही विक्रेत्याला विचारा. जाणते वाचक किती? एका मिनीबसमध्ये मावतील. बाकीच्यांना कोणीतरी ओरडून सांगावं लागतं. आणि मराठीतले थोर लेखक गप्प बसणारे होते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? हरिभाऊ आपट्यांनी १८९० ला ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातच क्रमशः छापल्या. स्वतःचं लेखन, स्वतःचं साप्ताहिक, संपादकही स्वतःच! पु. ल. ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले. आचार्य अत्र्यांबद्दल तर बोलायलाच नको. लई लांब कशाला, आपल्या गंगाखेडची जनाबाई. तिनं अभंगात आपलं नाव गुंफलंच ना?

सर : थांबा, मामा, एकेक घेऊ. जनीनं नाव घातलं. अभंग उत्तम आहे, असं नाही घातलं. हा माझा शब्द, याची जबाबदारी माझी, एवढंच त्या नावानं कळतं. तो पसरला तो जात्यावर बसलेल्या बायकांच्या आणि दिंडीत चालणाऱ्यांच्या तोंडून. हरिभाऊंनी साप्ताहिक काढलं ते लोकांना कादंबरी वाचायला मिळावी म्हणून. आपण किती थोर हे सांगायला नव्हे. पु. लं.नीही लोकांना चाळच ऐकवली, चाळीचं कौतुक नाही ऐकवलं. ही तिन्ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत.

मामा : बरं, मग अमेरिकेतलं घ्या. वॉल्ट व्हिटमननं १८५५ ला ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ पदरमोड करून छापलं आणि नाव न घालता स्वतःच त्याची परीक्षणं लिहून छापून आणली. एमर्सननं खासगी पत्रात कौतुक केलं होतं, त्यातलं एक वाक्य पुढच्या वर्षीच्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत उमटवलं. परवानगी न विचारता! आज त्याला अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या कवींत धरतात.

सर : धरतात ते कवितेमुळे. त्या परीक्षणांची गोष्ट लोक अजून हसत हसत सांगतात. दीडशे वर्षं झाली तरी ती लबाडी पुसली गेली नाही, मामा. आणि आजचं काय चाललंय? प्रकाशन समारंभाचा फ्लेक्स चौकात. फ्लेक्सवर लेखकाचा फोटो आमदाराच्या फोटोहून किंचित लहान, पुस्तकाचं मुखपृष्ठ शोधावं लागतं. शाल, श्रीफळ, पाच जणांची भाषणं आणि त्यांतल्या तिघांनी पुस्तक वाचलेलं नाही. मग व्हॉट्सॲपवर रोज सकाळी ‘मान्यवरांचा अभिप्राय’. खाली साठ अंगठे. त्या साठांतल्या एकानंही पान उलटलेलं नसतं. यात मी शिरू?

मामा : नका शिरू. समारंभाला खपलेल्या प्रतीला मी खप मानतच नाही. ती भावजय घेते, साडू घेतो, सहकारी घेतो. मला मोजायची असते ती नंतरची प्रत, ज्या माणसाचा तुमच्याशी काही संबंध नाही त्यानं मागितलेली. तुम्हाला दोन प्रती दाखवतो. दोन्ही रद्दीतून आलेल्या.

ही बघा पहिली. आत निळ्या शाईत ‘आदरणीय सरांना सप्रेम भेट’, खाली सही, तारीख. वरच्या कडेला पानं कापायची राहिलीत, जोडलेली आहेत. म्हणजे ती कोणी उघडलीच नाही. आता ही दुसरी, सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’, एका वाचनालयानं बाद केलेली. पुठ्ठा सुतळीनं शिवलाय. मागच्या चिठ्ठीवर तारखांच्या शिक्क्यांना जागा उरली नाही म्हणून तिच्यावर दुसरी चिठ्ठी डकवलीय. आत कोणीतरी पेन्सिलनं रेघा ओढल्यात, दुसऱ्यानं त्या रेघांवरच वाद घातलाय. १९८२ ची कादंबरी. होस्टेलच्या पोरांनी एकमेकांच्या खोलीतून पळवून पळवून वाचली.

सर : आता तुम्हीच माझा मुद्दा हातात धरून उभे आहात.

मामा : अर्धा. शिरवळकर २००३ ला गेले. २०१३ ला सिनेमा आला तेव्हा जी पोरं पुस्तक मागायला आली, त्यांना होस्टेलच्या कुजबुजीतलं काही माहीत नव्हतं. तोंडोतोंडीनं पुस्तक जिवंत ठेवलं, सिनेमाच्या पोस्टरनं ते नव्या पिढीच्या हातात दिलं. दोन्ही लागतं. आणि तोंडोतोंडीचं खरं मरण कशात आहे, सांगू? लेखक गप्प बसण्यात नाही, प्रत न मिळण्यात आहे. समजा, पाथरीच्या एका बाईंना तुमची कादंबरी आवडली. त्यांनी मानवतच्या मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण उत्साहानं दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, मागवावी लागेल, आठ दिवस लागतील. नवव्या दिवशी कोण परत येतं? ती हाक तिथंच विरली. तुम्हाला वाटलं, लोकांना आवडली नाही. लोकांपर्यंत ती पोचलीच नव्हती, राव.

सर : हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण मग हा दोष वितरणाचा. लेखकानं ओरडून तो कसा सुटेल?

मामा : ओरडू नका, पण पाच पाच प्रती घेऊन जिंतूर, सेलू, गंगाखेड, पालम करायला काय हरकत आहे? १९६७ च्या कायद्यानं गावोगाव अनुदानित वाचनालयं झाली. त्यांचं अनुदान तुटपुंजं, पगार त्याहून तुटपुंजा, पण काउंटरवर बसलेला माणूस रोज पन्नास जणांना पुस्तक काढून देतो. त्याच्याइतकी ताकदीची शिफारस दुसरी नाही. त्याला तुमचं पुस्तक आहे हे माहीत नसेल, तर तो शिफारस कशाची करणार? आणखी एक. वाचक वाचकाला सांगतो हे खरं, पण कोणत्या वाचकाच्या सांगण्याला वजन असतं? ज्याची ऊठबस आहे, त्याच्या. पुण्यातल्या चार घरांत एका पुस्तकावर गप्पा झाल्या की त्याला ‘चर्चेतलं पुस्तक’ म्हणतात. पूर्णेच्या चार घरांत झाल्या तर कोण दखल घेतो?

सर : खरंय. अण्णाभाऊंना, बाबूराव बागुलांना या बैठकांतून कोण बोलावत होतं?

मामा : म्हणून तर गंगाधर पानतावण्यांना औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ काढावं लागलं, मेळावे भरवावे लागले. आमचं लिहिणं कोणी सांगत नाही, तर आम्ही एकमेकांचं सांगू. कित्येक दलित लेखकांचं नाव महाराष्ट्राला कळलं ते अशा धडपडीतून. आपल्या लेखनाबद्दल गप्प राहणं हा विनय आहे, हे म्हणायला आधी दुसरं कोणी बोलणारं असावं लागतं. ज्याच्यासाठी कोणीच बोलत नाही त्याचा विनय म्हणजे नुसती गैरहजेरी.

सर : हे लागलं, मामा. पण एक सांगा, एकमेकांचं सांगायचं हे ‘अहो रूपम् अहो ध्वनी’ कधी होतं? तुम्ही माझं छान म्हणा, मी तुमचं छान म्हणतो. असे गट आज तालुक्या-तालुक्यात आहेत. ‘अस्मितादर्श’मध्ये एकमेकांच्या लेखनावर वादही होत असत. या गटांत फक्त हार असतात.

मामा : तिथं मी तुमच्या बाजूनं. ज्याच्या तोंडून कधीच ‘नाही’ म्हटलं जात नाही, त्याच्या ‘हो’ला गिऱ्हाईक विचारत नाही. मी टेबलावर दहा पुस्तकांतली आठ ‘हे तुमच्यासाठी नाही’ म्हणून बाजूला करतो, म्हणून उरलेली दोन विकली जातात.

सर : मग आपलं भांडण नेमकं कशावर आहे? मी सांगून बघतो. गावात कोतवाल दवंडी देतो. उद्या ग्रामसभा आहे, रेशन आलंय, नळाला पाणी दोन दिवसांनी सुटेल. तो मोठ्यानं ओरडतो, चौकाचौकात ओरडतो, त्याला कोणी बढाईखोर म्हणत नाही. कारण तो खबर देतो. रेशनचा गहू किती चांगला आहे हे तो सांगत नाही. ते दळून खाणाऱ्यानं सांगायचं. लेखकानं खबर द्यावी. पुस्तक आलंय, अशा विषयावर आहे, इथं मिळेल, हे एक पान वाचून बघा. गुण मात्र त्यानं सांगू नयेत. ती वाट सोडली की लेखकाचा शब्द हलका होतो, आणि पुढचं पुस्तक आलं की लोक त्याच्या खबरीवरही विश्वास ठेवत नाहीत.

मामा : आता कसं बोललात! मला तरी वेगळं काय पाहिजे होतं? पण एवढ्यानं सुटका नाही. खबर द्यायची तर नीट द्यावी लागते. मी गिऱ्हाईक. टेबलापुढं थांबलोय. तुमचं पुस्तक उचललंय. कशावर आहे?

सर : म्हणजे, ग्रामीण वास्तवातल्या बदलत्या मूल्यव्यवस्थेत माणसाच्या अस्तित्वाचा जो…

मामा : गिऱ्हाईक पुढच्या टेबलावर गेलं. तिथं मसाला डोशाच्या पाककृती आहेत.

सर : बरं. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं. तिथला एक मास्तर हजेरीत खोटी नावं लिहितो. आणि एक दिवस त्या खोट्या नावाचा मुलगा खरंच दारात येऊन उभा राहतो.

मामा : हां! आता गिऱ्हाईकानं पिशवी खाली ठेवली. बघा, तुम्ही स्वतःची स्तुती केली का? एक शब्द नाही. पण हेच वाक्य आता ते घरी जाऊन बायकोला सांगेल, बायको शाळेत सांगेल. तोंडोतोंडी काय फिरतं? परीक्षण फिरत नाही, ‘मान्यवरांचा अभिप्राय’ फिरत नाही. लोक येतात आणि म्हणतात, ‘ते खोट्या हजेरीचं पुस्तक आहे का?’ लेखकाचं नाव विसरतात, पुस्तकाचं नाव चुकवतात, पण गोष्टीचं टोक लक्षात ठेवतात. ते टोक त्यांच्या हातात देणं हे लेखकाचं काम. पुढची ओढ त्यांची.

सर : मान्य. पण सोशल मीडियावर रोज काही टाकायला मला सांगू नका. चार रील्स केले की पाचव्या कादंबरीऐवजी पाचवा रील सुचतो, हे मी मित्रांचं पाहिलंय. लिहिण्याचा वेळ आणि सांगण्याचा वेळ एकाच खिशातून जातो.

मामा : रोज नकोच. महिन्यातून एकदा कादंबरीतलं एक पान वाचून टाका, आणि तीनदा दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल सांगा. आवडलं नाही तर तसंही सांगा. तुमच्या भिंतीवर लोक पुस्तकांची खरी माहिती मिळते म्हणून यायला लागले, की तुमची खबर त्यांना आपसूक कळेल.

सर : पण या सगळ्यातून खप किती वाढेल? पुण्यात नाव होईल का?

मामा : ते मी कसं सांगू? लोक म्हणतात, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. लेखकानं हे उलटं धरावं. आधी परभणीत बनवावं. नऊ तालुक्यांत तुम्हाला ओळखत नसलेल्या शंभर माणसांनी पुस्तक वाचलं आणि त्यातल्या पंचवीस जणांनी दुसऱ्याला दिलं, तर पुढचं ते पुस्तक बघून घेईल. आणि शंभरांनी वाचून एकानंही दिलं नाही, तर ते उत्तरही ऐकून घ्यावं लागेल. मग स्टेटस दुप्पट करू नका, दुसरी कादंबरी चांगली लिहा.

सर : म्हणजे गप्प बसलो असतो तर हे उत्तर कळलंच नसतं.

मामा : कळलं नसतं, आणि तुम्ही जन्मभर म्हणत राहिला असता की वाचक नालायक आहेत. तो रोग लई लेखकांना आहे.

सर : ठीक. रविवारी सेलूच्या वाचनालयात येतो तुमच्याबरोबर. पण एक अट. मी दोन पानं वाचीन, प्रश्न विचारले तर उत्तरं देईन. सत्कार घेणार नाही, आणि पुस्तक चांगलं आहे असं माझ्या तोंडून निघणार नाही.

मामा : ते म्हणायला तुम्हाला कोण सांगतंय? पाच प्रती आणि ते एक वाक्य घेऊन या. चांगलं आहे की नाही ते सेलूवाले पुस्तक परत करताना सांगतील. आणि सेलूवाले, सर, तोंडावर सांगतात.